अर्धा दुरावा

जीवशास्त्राच्या पुस्तकात नवी जात कशी जन्माला येते हे सांगायची वेळ आली, की लेखक आपल्याला थेट गालापागोसला नेऊन सोडतात. फिंच पक्षी, त्यांच्या चोची, अवाढव्य कासवं आणि १८३५ सालचा तरुण डार्विन. बारावीच्या वर्गाला हा धडा शिकवताना एखादं पोरगं हमखास विचारतं, "मॅडम, आपल्याकडे असलं काही नाही का?" प्रश्न रास्त आहे. रावेर-यावलच्या पोराने समुद्र बघितलेला असतो तो सुरतेजवळच्या डुमसला नाहीतर मुंबईला, तोही कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने. बेटं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत. म्हणून मी हल्ली वर्गात केळं घेऊन जाते. पण केळ्यापर्यंत पोचायला जरा वळसा आहे.

मूळ कल्पना सोपी आहे. एखाद्या जातीची वस्ती मधोमध तुटते. मध्ये पाणी शिरतं, डोंगर उठतो, किंवा जंगल जाऊन उघडा माळ होतो. अलीकडच्यांचं पलीकडच्यांशी जमणं बंद होतं. जनुकांत किरकोळ बदल तर सगळीकडे सतत होतच असतात, पण आता अलीकडचा बदल पलीकडे पोचत नाही. काही बदल तिथल्या हवापाण्याला मानवतात म्हणून टिकतात, काही निव्वळ योगायोगाने, आणि वस्ती लहान असली की योगायोगाचं फारच फावतं. अशा हजारो, लाखो पिढ्या गेल्या की मधला अडथळा हटला तरी दोन्हीकडच्यांची संतती होत नाही, झाली तरी ती पुढे चालत नाही. तिथे दोन जाती झाल्या असं म्हणायचं.

मोरिट्झ वॅग्नर नावाच्या जर्मन प्रवाशाने १८६८ साली हे ठासून मांडलं: दुरावा नसेल तर नवी जात नाही. डार्विनला ते इतकं एकांगी पटलं नाही. दुराव्याची मदत होते, पण त्यावाचून अडतं असं नाही, हे त्याचं मत. पुढे १९२८ मध्ये न्यू गिनीच्या डोंगरांत पक्षी गोळा करत हिंडलेल्या अर्न्स्ट मायरने १९४२ साली हा विषय इतका नीट बांधला की आज आपण पोरांना शिकवतो ते बहुतेक त्याचंच असतं. माझं मत विचाराल तर वॅग्नरवर जरा अन्यायच झाला. त्याचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

पुस्तकात आणखी एक गडबड असते ती चित्रात. 'भौगोलिक अडथळा' म्हणून एक निळी नदी काढतात, दोन्ही काठांवर दोन उंदीर. पोरांना वाटतं, नदी म्हणजे अडथळा. पण अडथळा कुणासाठी, हे आधी विचारायला हवं. मुक्ताईनगरकडच्या डोलारखेडा-वढोदा पट्ट्यात वाघ केळीच्या बागांतून वावरतात. त्यांना बाग म्हणजे सावली, ओलावा आणि रानडुकरं. त्याच बागेपलीकडचा मे महिन्यातला शेकाट माळ ओढ्यातल्या एखाद्या बेडकाला ओलांडायला सांगा. शंभर पावलांत त्याचा खेळ आटोपेल. वाघाची वाट ती बेडकाची भिंत.

या नजरेने खान्देशाचा नकाशा बघितला की तो एकदम वेगळा दिसतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेला धावणारी तापी. तापी हे काही फार मोठं पाणी नव्हे, उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पायी उतरून जाता येतं. खरा अडथळा तिच्या दोन्ही अंगांना पसरलेलं सपाट, काळं, पंचेचाळीस अंशांत भाजून निघणारं खोरं हा आहे. थंड ओलसर रानातल्या जिवाला हे खोरं म्हणजे समुद्रच. सातपुडा त्याचा एक काठ, सह्याद्रीचा उत्तरेकडचा शेवट हा दुसरा.

सुंदरलाल होरा हे मत्स्यशास्त्रज्ञ. डोंगरी ओढ्यांच्या धारेत दगडाला चिकटून राहणारे काही मासे पूर्व हिमालयात सापडतात आणि थेट दक्षिणेत सह्याद्रीत सापडतात, मध्ये मात्र नाहीत, हे कोडं त्यांना छळत होतं. १९४९ मध्ये त्यांनी सुचवलं, की हवा आजच्यापेक्षा ओली आणि थंड होती तेव्हा विंध्य-सातपुड्याची रांग पुलासारखी वापरून हे जीव पश्चिमेला आले, तिथून सह्याद्री धरून खाली उतरले. पुढे हवा कोरडी झाली, वाट मोडली, पलीकडे पोचलेले पलीकडेच अडकले. या 'सातपुडा गृहीतका'वर नंतर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, आणि प्रत्येक जीव असाच आला असेल असं आज कुणी म्हणणार नाही. तरी पालच्या घाटात एसटी चढताना मला होरांची आठवण येते. आपल्या गावामागचा डोंगर कुणाच्या तरी स्थलांतराचा रस्ता असू शकतो, ही कल्पनाच ऐटबाज आहे.

दक्षिणेत याचे पुरावे जास्त स्वच्छ मिळालेत. सह्याद्रीला केरळ-तमिळनाडूच्या हद्दीवर पालघाटची खिंड पडलीय, तीसेक-चाळीसेक किलोमीटर रुंद. तिच्या उत्तरेला नीलगिरी, दक्षिणेला अन्नामलाई आणि पळणीचे डोंगर. व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शोला रानांतल्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या थंड रानांतल्या, लहान पक्ष्यांची जनुकं तपासली, तर खिंडीच्या दोन बाजूंचे पक्षी पार वेगळे निघाले. पंख आहेत, खिंड दिसते आहे, तरी लाखो वर्षांत ओलांडली नाही. खाली उकाडा आहे, म्हणून! आमचं तापीचं खोरं त्या खिंडीपेक्षा कितीतरी रुंद.

आता खान्देशाच्या स्वतःच्या पक्ष्याकडे येते. पिंगळा सगळ्यांना माहीत आहे. विजेच्या तारेवर, पडक्या वाड्याच्या कोनाड्यात, संध्याकाळी चिरक्या आवाजात भांडणारं जोडपं. डोक्यावर पांढरे ठिपके. त्याचा चुलतभाऊ रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, डोकं आणि चोच थोराड, शेपटीवर रुंद पट्टे, आणि वागणं घुबडाला न शोभणारं: भर दिवसा सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उन्हात बसून शिकार हेरायची. अॅलन ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात पश्चिम खान्देशात, शहादा-तळोद्याकडे, त्याचे काही नमुने मिळवले. आणि मग हा पक्षी गडप झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी उरली.

शोध घेणाऱ्यांची दिशाभूल करायला एक नमुना पुरेसा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला हा पक्षी मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ. त्यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा उघड झालं की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना आहे, चोरून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारल्यावर खरी ठिकाणं मोजकीच राहिली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळून शहाद्याला आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळच्या उन्हात त्यांना तो दिसला. एकशे तेरा वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, शहादा धुळ्यातच होतं. नंतर तो यावलच्या अभयारण्यात, मेळघाटात, मध्य प्रदेशात, डांगात आणि मुंबईजवळच्या तानसातही सापडला. पावरा आणि भिल्ल बांधवांच्या दृष्टीने तो 'सापडला' वगैरे नव्हता, हे सांगायला नको.

मला यातली चोरीची कहाणी आवडते, पण वर्गात मी दुसरीच गोष्ट पुढे करते. सातपुड्याच्या पायथ्याला आज हे दोघे शेजारी आहेत. रान संपतं आणि शेतं सुरू होतात तिथे एका बाजूला रानपिंगळा, दुसऱ्या बाजूला पिंगळा. जनुकं सांगतात की दोघे एकाच घराण्यातले, पण फुटून काही दशलक्ष वर्षं झालेली. आता मध्ये ना नदी, ना डोंगर. तरी दोघांची सरमिसळ होत नाही. साद वेगळी, वेळ वेगळी, जागा वेगळी. दुरावा पुरता झाल्यावर अडथळ्याची गरजच संपते. पनामाची संयोगभूमी सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी वर आली आणि अटलांटिक-पॅसिफिकमधल्या चिमटा वाजवणाऱ्या कोळंब्यांची ताटातूट झाली. नॅन्सी नोल्टन यांनी दोन्हीकडचे नर-माद्या प्रयोगशाळेत एकत्र ठेवून बघितले, तर जोडपी जमण्याऐवजी मारामाऱ्याच जास्त. म्हणजे तुटणं ही निम्मीच गोष्ट. खरी परीक्षा पुन्हा भेट होते तेव्हा.

आणि ही भेट जरा लवकर झाली तर? दुरावा धड पुरा नाही, धड अपुरा नाही, अशा अवस्थेत? तर केळं होतं.

पिकलेल्या केळ्याची गोल चकती कापा, शिकरणासाठी कापतो तशी. मधोमध तीन भागांत बारीक, तपकिरी-काळे ठिपके दिसतील. साधं भिंग असेल तर प्रत्येक ठिपका म्हणजे वाळून गेलेला एक कण दिसतो, एका बाजूला टोकदार. हे बी व्हायला निघालेलं आणि राहून गेलेलं. रानटी केळ्यात याच जागी मिऱ्यापेक्षा मोठं, काळं, दात पडेल असं टणक बी असतं, आणि इतकं खच्चून भरलेलं की गर चाटायलाच उरतो.

आपल्या खायच्या केळ्याचा मुख्य पूर्वज म्युसा अॅक्युमिनाटा. ही रानकेळ आग्नेय आशियात पसरली आणि तिथल्या बेटांनी, सामुद्रधुन्यांनी तिचे तुकडे केले. न्यू गिनीत 'बँक्सी' ही उपजात, जावात पानांवर तांबूस डाग असलेली 'झेब्रिना', मलायात 'मलॅक्सेन्सिस', म्यानमारकडे 'बर्मानिका'. हिमयुगात समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली गेला तेव्हा जावा-सुमात्रा आशियाला जोडले गेले, न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला. पण दोघांच्या मधलं खोल पाणी हटलं नाही. आशियाकडचे प्राणी आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी वेगळे करणारी आपली प्रसिद्ध रेषा निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने याच पाण्यातून ओढली. या प्रत्येक उपजातीत गुणसूत्रांचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसले, आणि प्रत्येकीत वेगवेगळे. आपापल्या घरात त्याने काही बिघडत नव्हतं. अजून काही लाख वर्षं मिळाली असती तर चार स्वतंत्र जाती झाल्या असत्या.

तेवढ्यात माणूस आला. न्यू गिनीतल्या कुक इथल्या दलदलीत सुमारे साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती, असा पुरावा आहे. माणूस होडीतून एका बेटावरून दुसऱ्यावर गेला, तेव्हा बरोबर केळीची पिलं घेऊन गेला. खाण्यासाठी म्हणा, पानांसाठी म्हणा, धाग्यासाठी म्हणा. युगानुयुगं न भेटलेल्या उपजाती एका परसात शेजारी लागल्या. संकर झाला. झाड धड उगवलं, तरारलं, निसवलं. पण बी धरायची वेळ आली तेव्हा आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रं एकमेकांशी जुळेनात, कारण तुकडे भलत्याच जागी. फळ झालं, बी नाही. त्यात काही केळींना परागणाशिवाय गर भरायची खोड आधीच होती. मग एखाद्या वेळी नेहमीच्या अकरा गुणसूत्रांऐवजी पुरी बावीस घेऊन एक बीजपेशी आली, ती समोरच्या अकरांना मिळाली, आणि तेहेतीस गुणसूत्रांची केळ जन्मली. फुगडीला तिघी आल्या की एकीने बसून राहायचं, नाहीतर तिघींनी पडायचं. इथे तिघी पडतात. त्या झाडाला बी होणं जवळपास कायमचं बंद.

निसर्गाच्या हिशेबात हा निर्वंश. माणसाने त्या निर्वंशालाच जपलं. कंदाची पिलं काढून लावत गेला, बेटामागून बेट, देशामागून देश. (वेलची आणि वसईची राजेळी यांच्यात म्युसा बाल्बिसियाना या दुसऱ्याच जातीचंही रक्त आहे, ती गंमत पुन्हा कधीतरी.) आपल्याकडची बसराई, श्रीमंती आणि आता सगळीकडे झालेली जी-नाइन म्हणजे ग्रँड नैन, ही सगळी कॅव्हेन्डिश घराण्याची. विल्यम कॅव्हेन्डिश हा इंग्लंडातला ड्यूक, त्याच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८३०च्या दशकात ही केळ वाढवली, त्यावरून नाव. रावेर, सावदा, फैजपूर, चोपडा, शिवार कुठलंही असो. टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत एकाच झाडाच्या पेशींपासून वाढवलेली, जी-नाइन लावली की लाखो खोडांत एकच झाड उभं असतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. मी मनात म्हटलं, भूगोलाचा शिक्का मिळाला तोही अशा झाडाला, ज्याच्यात भूगोल तीन-तीन मुलखांचा कोंबलाय.

माझे मोठे काका, त्यांना सगळं गाव बापू म्हणतं, हे सगळं ऐकून घेतात. बापूंचा मळा यावल तालुक्यात, सातपुड्याकडून येणाऱ्या नाल्याला लागून. मध्ये त्यांच्या कोवळ्या बागेत सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, घुसला. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडतो, झाड वाढतच नाही. मावा हा विषाणू पसरवतो आणि उपाय एकच, झाड उपटून बांधाबाहेर नेऊन गाडायचं. बापू मजुरांबरोबर स्वतः उपटत होते. सरीत खड्ड्यांची रांग, ठिबकच्या नळ्या मोकळ्या पडलेल्या.

"एक झाड आजारी पडलं की सगळी कशी पडतात गं बाई?" त्यांनी विचारलं.

"सगळी एकच झाड आहेत बापू. जे एकाला सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही."

ग्रो मिशेल नावाचं केळं एकेकाळी जगाच्या बाजारावर राज्य करत होतं. पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते व्यापारातून जवळपास बाद झालं, म्हणून कॅव्हेन्डिश आली. आता त्या रोगाच्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेन्डिशलाच मारतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशात येऊन ठेपलाय. जमिनीत तो वर्षानुवर्षं टिकतो.

बापूंचं डोकं तल्लख. म्हणाले, "सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात रानकेळ उगवते, तिला कुठला रोग नसतो. तिच्याशी कलम कर ना." ती रानकेळ, एन्सेट सुपर्बम, दिसते केळच. पण तिची गुणसूत्रं नऊच्या पटीत, आपल्या केळीची अकराच्या. दोघी फुटून कोट्यवधी वर्षं झाली. रानपिंगळा आणि पिंगळा यांच्याहून कितीतरी दूरच्या. तिथे संकराची आशा नाही.

आशा आहे ती अर्ध्या दुराव्यातच. बर्मानिकाच्या जवळची 'कलकत्ता-४' नावाची एक रानटी केळ करप्याला दाद देत नाही, म्हणून जगभरचे पैदासकार ती संकरासाठी वापरतात. गर शून्य, बी भरपूर, पण प्रतिकार दांडगा. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात अशा रानटी आणि देशी केळींचा संग्रह जपलाय. म्हणजे ज्या दुराव्याने केळं वांझ केलं, त्याच दुराव्यात घडलेल्या रानटी नातलगांकडे औषध मागायला जायचं. आणि ते नातलग ज्या रानांत राहतात ती रानं तुटत चालली आहेत.

इथे एक विद्यार्थी दर वर्षी हुशारी करतो. "मॅडम, मग बरंच की! जंगलाचे तुकडे झाले म्हणजे नवीन जाती तयार होतील." पोराचं तर्कशास्त्र चोख आहे, फक्त वेळेचा हिशेब चुकतो. दुराव्याला फळ यायला लाखो वर्षं आणि पुरेशी मोठी वस्ती लागते. चाळीस-पन्नास जीव एका टेकडीवर अडकले तर जात होत नाही, आपसांतच वीण होऊन वंश क्षीण होतो, आणि एखादा वणवा, एखादा दुष्काळ काम पुरं करतो. बहुतेक दुराव्यांचा शेवट हाच असतो. गालापागोस आपल्याला दिसतं, कारण तिथे जे उरले ते दिसतात. आमच्या नवापूरला लागून डांग आहे. आपला राज्यप्राणी शेकरू, त्याची 'डिअल्बाटा' नावाची फिकट, जवळजवळ पांढुरकी उपजात त्या डांगाच्या रानात होती. सह्याद्रीच्या पार उत्तर टोकाला एकटी पडलेली. वेगळा रंग तर आला होता. पुढचं व्हायच्या आत रान विरळ झालं आणि ती संपली असं जाणकार मानतात. रानपिंगळ्याचंही दुखणं हेच, सागाच्या जुन्या ढोलीवाल्या झाडांचे तुकडे आणि मध्ये अतिक्रमणाची शेतं.

हे सगळं मी बापूंना बांधावर बसून सांगत होते. त्यांनी चुन्याची डबी मिटली, उपटलेल्या खोडांच्या ढिगाकडे एकदा बघितलं. "तुझी ती कलकत्तावाली येईल तेव्हा येईल. आता जून लागलाय. पुन्हा टिश्यूचीच रोपं घालू, का औंदा कापूस पेरू, ते सांग."

मी म्हटलं, कापूस.

"कापसाला भाव काय मिळतो माहितीय का तुला?" बापू म्हणाले, आणि नर्सरीवाल्याला फोन लावला.